पदराआडचे दात

यंदापर्यंत माझा हसतानाचा एकही फोटो नव्हता. लग्नाच्या फोटोत मी ओठ असे घट्ट मिटून बसले आहे, की बघणाऱ्याला वाटावं, हिच्यावर खटला चालू आहे आणि वकिलाने तोंड उघडू नकोस म्हणून बजावलंय. श्रीरंगच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या, बारशाच्या फोटोत तोंडावर पदर आहे. ह्यांच्या निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी काहीतरी विनोद केला होता. फोटोत सगळी रांग दात काढून हसते आहे आणि मधोमध मी, पदराचं टोक ओठांवर दाबून, रडल्यासारखी. पुढे कित्येक वर्षं लोक तो फोटो बघून मला विचारायचे, "हेमलताबाई, फार वाईट वाटलं का हो तेव्हा?" वाईट कसलं! मी हसत होते.

कारण एवढंच, की मी मिशरी लावते. लावत होते, असं म्हणायला हवं आता.

मिशरी म्हणजे काय, हे दिल्लीत वाढलेल्या आपल्या पोरांना समजावून सांगावं लागतं. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची. चिमूटभर तळहातावर घ्यायची आणि पहिल्या बोटाने दातांवरून, हिरड्यांवरून फिरवत बसायची. नाव दात घासण्याचं, पण एकदा तोंडात गेलेलं बोट अर्धा तास बाहेर येत नाही. कराडला माझी आई लावायची, मावशी लावायची. दुपारची भांडी झाली की गल्लीतल्या सगळ्या बायका मागच्या दारी बसून लावायच्या, आणि तोंडात बोट ठेवूनच कुणाच्या घरी काय शिजतंय याची खबर घ्यायच्या. मीही शाळा सुटल्यापासून त्यांच्यात बसायला लागले. त्याने दात काळे पडतात. मग त्या काळ्यावर वर्षानुवर्षं किटण चढत जातं आणि दगडासारखं घट्ट होतं. माझ्या खालच्या दातांच्या आतल्या बाजूला तर एक दात कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे जिभेलाही कळेनासं झालं होतं. सगळ्यांची मिळून एकच भिंत झाली होती.

ह्यांनी कधी त्यावरून बोल लावला नाही. केंद्र सरकारात कारकून होते. वाद ओढवून घ्यायचा त्यांचा स्वभावच नव्हता. लग्नानंतर मी पहिल्यांदा दिल्लीला आले, तेव्हा स्टेशनवरून सरोजिनी नगरच्या क्वार्टरवर जाताना रिक्षात एवढंच म्हणाले, "इथल्या बायका असलं काही लावत नाहीत. जरा सांभाळून." मी जन्मभर सांभाळलं. भाजीवाल्याशी बोलताना पदर, शाळेत बाईंना भेटताना पदर, शेजारची पंजाबीण हसली की उत्तरादाखल पदराआडून हसायचं. ती बिचारी मला फार लाजाळू समजायची. आमच्या घरी माझ्या बोलण्याला लाजाळू कुणी म्हटलं असतं, तर ह्यांना ठसका लागला असता.

ते गेल्यावर मी श्रीरंगकडे राहायला आले. गाझियाबादला, वैशालीत, अकराव्या मजल्यावर. घर छान आहे, उजेड भरपूर. श्रीरंग आणि सून स्वरूपा सकाळी ऑफिसला निघतात ते दिवेलागणीला परत येतात. नात वैभवी नोकरीसाठी रोज गुरुग्रामला जाते आणि त्यांच्याही नंतर येते. दिवसभर मी आणि इंटरकॉम. खालचा गार्ड विचारतो, "माताजी, कूरियर आया है, भेज दूँ?" मी म्हणते, "भेज दो." एखाद्या दिवशी तेवढंच बोलणं होतं.

आणि अकराव्या मजल्याला मागचं दार नसतं. मिशरी लावायची म्हणजे थुंकायला जागा लागते. मी बेसिनमध्ये थुंकायचे आणि वरून भसाभस पाणी सोडायचे, तरी स्वरूपाला कळायचंच. "आई, प्लीज बेसिनमध्ये नको हो. वास येतो." एवढंच म्हणायची, तेही हळू आवाजात, आणि मग फिनेल घेऊन स्वतः बेसिन घासायची. स्वरूपा वाईट नाही. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

म्हणून मी शनिवारची वाट बघायचे. शनिवारी मी वैशालीहून मेट्रोत बसायचे आणि मंडी हाउसला उतरायचे. तिथून चार पावलांवर कोपर्निकस मार्ग, आणि त्यावर आपल्या राज्याचं जुनं अतिथिगृह. मुंबईहून आलेले अधिकारी पुढच्या बाजूला उतरतात. मागच्या बाजूला नोकरमाणसांच्या खोल्या आहेत, तिथे माझी शेवंता राहते. तिचा नवरा शंकर तिथल्या स्वयंपाकघरात होता. तो गेला, आता मुलगा जयेश त्याच स्वयंपाकघरात आहे. शेवंता गडहिंग्लजकडची. इतकी वर्षं दिल्लीत काढली, पण तिची बोली जशीच्या तशी राहिली आहे. हिंदी बोलायची वेळ आलीच, तर ती मराठीच मोठ्याने बोलते.

आमची ओळख झाली ती मराठी मंडळाच्या गणपतीत. हळदीकुंकू होतं. पुढच्या खुर्च्यांवर साहेबांच्या बायका, मागे आम्ही कारकुनांच्या, आणि त्याही मागे सतरंजीवर बाकीच्या. कुणीतरी उखाण्यात नवऱ्याचं नाव विसरली आणि सगळ्या हसल्या. त्या हसण्यात दोनच पदर तोंडावर गेले, एक माझा आणि एक सतरंजीवरच्या एका बाईचा. आम्ही एकमेकींकडे बघितलं. प्रसाद घेताना ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि कानाशी पुटपुटली, "बाई, तुमी कुटली लावता?" मला इतका आनंद माहेरचं माणूस भेटूनही झाला नसता. सुरुवातीला ती मला बाई म्हणायची, तुम्ही म्हणायची. एका हिवाळ्यात त्यावरून मीच तिला रागावले, तेव्हापासून मी हेमी झाले.

त्या खोल्यांच्या मागे एक नळ आहे, धुण्याचा मोठा दगड आहे आणि वर जांभळाचं झाड. गावी गेलेला ड्रायव्हर, शिपाई, कुणी ना कुणी शेवंतासाठी तंबाखू घेऊन यायचा. ती तिथेच शेगडीवर भाजायची आणि खोल्यांची अख्खी रांग खोकून खोकून तिला शिव्या द्यायची. मग दगडावर आम्ही दोघी, मध्ये डबी. पदर खांद्यावर. शेवंता नवीन आलेल्या साहेबाच्या चालीची नक्कल करायची, तोंडात बोट तसंच ठेवून, आणि मी खदाखदा हसायचे. काळे दात, किटण, काळी थुंकी, सगळं उघडं. साऱ्या दिल्लीत माझं तोंड मोकळेपणाने उघडायची ती एकच जागा होती.

यंदा वैभवीचं लग्न ठरलं. मुलगा साकेत, घरचे लोक लखनौचे, मोठे हौशी. साखरपुड्याची तयारी सुरू झाली आणि एका रविवारी वैभवी माझ्या पलंगावर येऊन बसली.

"आज्जी, माझ्या सगळ्या फ्रेंड्सच्या दाद्या फोटोत किती मस्त हसतात यार. तू एकदा तरी हस ना माझ्यासाठी."

"माझे दात बघितलेस का कधी?"

"दाखव."

मी दाखवले. का दाखवले कुणास ठाऊक. वैभवीने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. मला वाटलं, आता नाक मुरडेल. तिने मुरडलं नाही. "आज्जी, हे तर क्लीन होतं. बिल्कुल होतं," ती म्हणाली.

मला कुणी भरीला पाडलं असं मी म्हणणार नाही. मलाच हवं होतं. मरायच्या आधी एकदा चारचौघांत, पदर न उचलता, नातीच्या साखरपुड्यात मोठ्याने हसावं असं मला फार वाटलं.

आधी मी घरच्या घरी खटाटोप केले. स्वरूपाच्या फोनवर एक बाई खायचा सोडा आणि लिंबू लावायला सांगत होती, ते लावलं. तोंड आलं, किटण होतं तिथेच राहिलं. मग केसांचा आकडा घेऊन आरशासमोर उभी राहिले आणि आतल्या बाजूने उकरलं. ज्वारीएवढा एक काळा खडा टणकन बेसिनमध्ये पडला आणि मागोमाग रक्त. ते बघून वैभवीने आकडा काढून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी मला दातांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर नीरजा. आमच्याच सेक्टरच्या मार्केटात, मिठाईच्या दुकानाच्या वर. वयाने स्वरूपाएवढी असेल. मला खुर्चीत आडवं करून तिने आरसा आत घातला आणि वरचा दिवा आणखी जवळ ओढला.

"आंटीजी, ये क्या लगाती हैं आप?"

"मंजन."

"कौन सा मंजन?"

"गाँव का है. यहाँ नहीं मिलता," मी म्हटलं, जसं काही ते मिळालं असतं तर ती घेणार होती.

मग तिने ते यंत्र सुरू केलं. पाण्याची पिचकारी मारणारं, टिटवीसारखं किंचाळणारं. गालात एक नळी लोंबकळत घरघरत होती. त्या यंत्राचं टोक दाताला लागलं की डोक्याच्या कवटीतून आवाज यायचा. मध्ये मध्ये टक्क करून काहीतरी तुटायचं. मला भीती वाटली, की दातच निघतायत. तिने हात थांबवल्यावर मी विचारलं, "ये सब निकाल दोगी तो दाँत टिकेंगे किस पर?"

"हड्डी पर, आंटीजी. जितनी बची है उस पर," ती म्हणाली आणि हसली. कापसावर ठेवून तिने मला एक मोठा तुकडा दाखवला. बाहेरून काळा, आतून पिवळट, आणि त्यावर माझ्या चार दातांच्या पाठी जशाच्या तशा उमटलेल्या. इतकी वर्षं मी तोंडात घेऊन हिंडत होते ते हे.

काम एका खेपेत झालं नाही, दुसऱ्यांदा जावं लागलं. दुसऱ्या खेपेला ती दात घासून चकचकीत करत होती, तेव्हा तिच्या डाव्या हाताने माझा गाल धरून ठेवला होता. रबराचा हातमोजा, पण आतला हात ऊन होता. माझ्या गालाला कुणाचा हात असा टेकून राहिल्याला किती काळ लोटला होता, ते मला त्या खुर्चीत पडल्या पडल्या कळलं, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "दर्द हो रहा है?" तिने विचारलं. मी मान हलवली, हो.

शेवटी तिने ओठ खाली ओढून एक जागा वैभवीला दाखवली. हिरडीवर, जिथे माझी मिशरी साठून राहायची तिथे, पांढरट चट्टा होता. "आंटीजी, आज से बंद. बिल्कुल बंद. और ये मुझे हर महीने दिखाना है." तिच्या आवाजातली गंमत गेली होती. चट्ट्यावरून पुढे काय होऊ शकतं, तेही तिने सांगितलं. घरी आल्यावर मी डबीतली मिशरी संडासात ओतली आणि डबी धुऊन टाकली. आता तिच्यात सुया ठेवते.

पहिले काही दिवस डोकं असं दुखायचं, की भिंतीवर आपटावं. जीभ सारखी खालच्या दातांमागे जायची आणि तिथे नवीन फटी सापडायच्या. गार पाण्याचा घोट घेतला की कळ थेट मस्तकात. किटणाखाली इतकी वर्षं झाकून राहिलेले दात उघडे पडले होते, त्यांना हवासुद्धा सहन होत नव्हती. पण आरशात बघितलं की माझंच मला हसू यायचं. अगदी पांढरे नाहीत, जुन्या हस्तिदंतासारखे, पण दात! मी बाथरूममध्ये उभी राहून एकटीच हसून बघायचे.

साखरपुड्यात मी हसले. पोटभर हसले. साकेतच्या आईने सगळ्यांना बोलावून दाखवलं, "दादीजी के दाँत देखो, सब अपने हैं!" फोटोवाल्याने मला मधोमध बसवलं. स्वरूपाने माझा हात हातात घेऊन म्हटलं, "आई, किती छान दिसताय." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग फोटो संपले, सगळे नाचायला गेले आणि मी त्या सजवलेल्या खुर्चीवर तशीच राहिले. साकेतचे एक काका नाचत होते, पोट पुढे आणि हात मागे, शेवंता ज्याच्या चालीची नक्कल करायची, हुबेहूब त्या साहेबासारखे. मला जोरात हसू फुटलं. हसून बाजूला वळले तर शेजारच्या खुर्चीवर पर्सांचा ढीग. मी मनात म्हटलं, हे शेवंताला सांगायला हवं.

शेवंताला आमंत्रण होतं. मी जयेशला फोन करून दोन-दोनदा सांगितलं होतं. पण तिचे गुडघे, आणि एवढ्या लांब हॉल, आणि "इतक्या मोट्या लोकांत मी काय करू गं" असं तिचं म्हणणं. तयारीच्या गडबडीत मधले बरेच शनिवार माझंही जाणं झालं नव्हतं. दातांचं तिला मी मुद्दामच सांगितलं नाही. म्हटलं, एकदम समोर जाऊन हसेन आणि तिची गंमत बघेन. ती आधी शिव्या देईल, मग माझं तोंड उघडून आत डोकावेल, आणि मग आम्ही दोघी हसू. साखरपुड्यानंतरच्या शनिवारी मेट्रोत बसल्या बसल्या मी हे सगळं ठरवत होते. हातात पेढ्यांचा पुडा होता.

थंडी कडाक्याची होती, धुकं अजून झाडांत अडकलेलं. शेवंता दगडावर बसली होती, मांडीवर डबी, शेजारी शेगडी. मला लांबूनच बघून ओरडली, "आली गं बया! म्या म्हटलं मेलीबिलीस का काय!" आणि सगळे काळे दात दाखवून हसली.

मी जवळ गेले. तिच्या समोर उभी राहून हसले.

शेवंता बघत राहिली. तिचं हसू तिथेच थांबलं. मग तिचा हात खांद्याकडे गेला आणि पदर हळूच वर आला, तोंडावर. तो पदर वर जाताना मी असंख्य वेळा बघितला होता. साहेबांच्या बायकांसमोर, बसच्या कंडक्टरसमोर, स्वतःच्या सुनेसमोर. माझ्यासमोर कधीच नाही.

"ब्येस झाल्यात," ती पदराआडून म्हणाली. "कुटं केलंसा?"

"केलंसा काय, शेवंते? मी आहे."

"व्हय की. तुमीच हायसा." मग तिने खोलीकडे तोंड करून सुनेला हाक मारली, "अगं ए, खुर्ची आन बाहेर. बाई आल्यात."

खुर्ची आली. मला काय करावं ते सुचेना, मी बसले. ती खाली दगडावर, मी वर खुर्चीवर. इतक्या वर्षांत मी त्या अंगणात कधी खुर्चीवर बसले नव्हते. मी पेढा दिला, तो तिने पदराखाली नेऊन खाल्ला. साखरपुडा कसा झाला, तिने विचारलं. मुलगा काय करतो, विचारलं. ओळखीतल्या कुणालाही विचारतात तसं.

"तू लाव ना," मी डबीकडे बोट दाखवून म्हटलं. "माझी बंद आहे, पण तू लाव."

"नगं. तुमास्नी वास यील."

हे शब्द मला घरी ऐकायची सवय होती. ते इथे ऐकायला मिळतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला तिचा रागही आला. मी काय केलं होतं? दात तर साफ केले होते! मी तिला चट्ट्याचं सांगितलं, डॉक्टरीण काय म्हणाली ते सांगितलं. म्हटलं, "तूही दाखव शेवंते. मी येते तुझ्याबरोबर. फार दुखत नाही."

"आता कशाला? माजे दात त्येच्यावरच हुबे हायत," ती म्हणाली, आणि डबी मांडीवरून उचलून पाठीमागे ठेवली.

मग मी काकांच्या नाचाची नक्कल केली. खुर्चीतून उठून, पोट पुढे काढून, हात मागे घेऊन. माझ्यासारख्या म्हातारीने त्या थंडीत कोपर्निकस मार्गाच्या मागच्या अंगणात नाचून दाखवलं. शेवंताने पदराआडून "हं" केलं. तिचे डोळे माझ्या तोंडावर होते, नाचाकडे नव्हतेच. मी परत खुर्चीवर येऊन बसले.

तेवढ्यात वारा सुटला. जांभळाची वाळकी पानं उडाली आणि गार हवा माझ्या उघड्या तोंडात शिरली. दातांतून अशी कळ गेली, की डोळ्यांपुढे अंधारी आली. मी झटकन पदर ओढून तोंडावर दाबून धरला.

"काय झालं?"

"वारं झोंबतं गं दातांना," मी पदराआडून म्हटलं. "नागडे झालेत मेले. त्यांना स्वेटर घालायला हवेत."

शेवंता फिस्सकन हसली. "स्वेटर!" म्हणाली. पुन्हा हसली, आणि हसता हसता तिचा पदर जरा खाली सरकला. मी पदर धरून बसून राहिले. तिने एकदा माझ्या झाकलेल्या तोंडाकडे बघितलं, मागे हात घालून डबी काढली, थोडी वळून चिमूटभर तळहातावर घेतली. बोट तोंडात गेलं. वळलेली शेवंता हळूहळू पुन्हा माझ्याकडे फिरली. पदर खांद्यावर होता.

"हेमे," तोंडात बोट ठेवून ती म्हणाली, "तुला सांगायचंच ऱ्हायलं बग. त्यो नवा साहेब आलाय न्हवं, त्येची बायकू..."

मी खुर्चीवरून उठून तिच्या शेजारी दगडावर बसले. दगड बर्फासारखा गार होता. नव्या साहेबाच्या बायकोला रात्रीच्या जेवणात कारलं कसं लागतं आणि साहेब ते रुमालात बांधून जयेशकडे गुपचूप कसं परत पाठवतो, हे शेवंता सांगायला लागली. तिने पदराच्या टोकाचा साहेबाचा रुमाल केला, बायकोचा आवाज काढला. काळे दात, काळी जीभ, सगळं माझ्यासमोर उघडं. चट्ट्याचं तिला पुन्हा सांगावंच लागणार होतं. पण तेव्हा मला ते सांगवेना. पुढच्या शनिवारी सांगेन, असं मी ठरवलं.

थोड्या वेळाने वारा पडला. धुकं निवळलं आणि जांभळातून ऊन खाली आलं, आमच्या पाठीवर, मांडीवर. माझे दात दुखायचे थांबले. पण पदर मी काढला नाही. तो खाली आला असता, तर तिचा वर गेला असता. साऱ्या गाझियाबादला मी आता दात दाखवू शकत होते. लखनौकरांना तर दाखवून झाले होते. हिला दाखवता येत नव्हते. मी पदराचं टोक ओठांवर घट्ट दाबून धरलं. साहेबाच्या कारल्याची गोष्ट शेवटाला आली, तसे माझे खांदे हलायला लागले आणि डोळे भरून आले.

शेवंता मध्येच थांबली. बोट तोंडातून काढून माझ्याकडे वाकून बघायला लागली.

"रडतीस व्हय गं?"

"छे गं," मी पदराआडून म्हटलं, "हसतेय."